रेडिओ केडीएनए: शेतमजुरांचे केंद्र जाहिरातींवर चालले असते का?

नभोवाणीप्रेमी:
अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील याकिमा खोऱ्यात सफरचंद, हॉप्स (बिअरमध्ये वापरली जाणारी फुले) आणि ॲस्परॅगसची मोठी शेती आहे आणि तिथली तोडणी मुख्यतः स्पॅनिश बोलणाऱ्या मेक्सिकन मजुरांच्या हातून होते. त्या खोऱ्यातल्या ग्रेंजर या छोट्या गावातून १९ डिसेंबर १९७९ रोजी रेडिओ केडीएनए सुरू झाले. रोसा रामोन, रिकार्डो गार्सिया, हुलिओ सेसार गेरेरो आणि डॅन रोब्ले यांनी ते उभे केले. त्याआधी १९७६ पासून हीच मंडळी सिएटलच्या केआरएबी या केंद्राच्या उपलहरीवरून (मुख्य प्रक्षेपणासोबत जाणाऱ्या जोडलहरीवरून) स्पॅनिश कार्यक्रम देत होती. मात्र उपलहर ऐकायला वेगळा रेडिओसंच लागतो आणि मजुराच्या घरी तो कुठून असणार? म्हणून स्वतःच्या परवान्याचे केंद्र, तेही शहरात नव्हे, मजूर राहतात तिथे, हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो.

शिडीवर चढून खांद्याला लावलेल्या पिशवीत सफरचंदे भरणाऱ्या माणसाचे हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंतही हे केंद्र त्यामुळेच पोहोचले. कामगारांचे हक्क, आरोग्य, कीटकनाशकांचा धोका हे विषय गाण्यांच्या मध्ये रोज येत. रोसा रामोन केंद्रप्रमुख होत्या, स्त्रियांना निवेदन आणि निर्मितीचे शिक्षण तिथेच दिले जाई, आणि स्त्रियांचा अपमान करणारी गाणी लावायची नाहीत असा केंद्राचा दंडक होता. हे सारे शक्य झाले, कारण केंद्र जाहिरातींवर चालत नव्हते. बागमालक किंवा कीटकनाशक कंपनी जाहिरातदार असती, तर फवारणीच्या दुष्परिणामांवर कोण बोलले असते? अल्पभाषिक श्रमिकांचे रेडिओ केंद्र बिगरव्यापारीच असले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

जमाखर्च:
केडीएनएबद्दल मलाही आदर आहे, पण एका उदाहरणावरून नियम काढणे मान्य नाही. टेक्ससमधील सान अंतोनियोचे केसीओआर पाहा. मेक्सिकोच्या वेराक्रूस प्रांतातून आलेले राउल कोर्तेस आधी 'ला प्रेन्सा' या स्पॅनिश दैनिकात काम करत होते. पुढे दुसऱ्याच्या केंद्रावर वेळ विकत घेऊन ते स्पॅनिश कार्यक्रम चालवू लागले. १९४४ मध्ये त्यांनी स्वतःच्या केंद्रासाठी अर्ज केला, १९४६ मध्ये केसीओआर सुरू झाले आणि मेक्सिकन-अमेरिकन माणसाच्या मालकीचे, पूर्ण वेळ स्पॅनिश बोलणारे अमेरिकेतील ते पहिले केंद्र ठरले. ते शुद्ध व्यापारी केंद्र होते.

म्हणून कोर्तेस गप्प बसले का? १९४८ मध्ये ते 'लुलॅक' या मेक्सिकन-अमेरिकनांच्या हक्क संघटनेचे राष्ट्रीय अध्यक्ष झाले, आणि त्याच वर्षी संघटनेच्या पाठबळावर लढल्या गेलेल्या डेल्गादो खटल्यात टेक्ससच्या शाळांमध्ये मेक्सिकन मुलांना वेगळे बसवणे बेकायदा ठरले. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराची जाहिरात घेतली म्हणून केंद्र विकले जात नाही. उलट तो दुकानदारही त्याच वस्तीतला असतो.

सिएटलकर:
दुकानदाराचा मुद्दा योग्य आहे. पण केसीओआरची कहाणी १९४८ मध्ये थांबत नाही. कोर्तेस यांनी १९५५ मध्ये दूरचित्रवाणी वाहिनीही काढली. ती चालवणे जड गेले आणि १९६१ मध्ये ती विकावी लागली. विकत घेणाऱ्यांत त्यांचे जावई होते, तसे मेक्सिकोतील बडे उद्योजक एमिलियो अस्कारागाही होते. त्या वाहिनीतूनच पुढे युनिव्हिजन हे देशभराचे जाळे उभे राहिले. ज्या वस्तीने ती वाहिनी मोठी केली, तिच्या हातात त्यातले काय उरले?

आणखी एक जुने उदाहरण द्यावेसे वाटते. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिस परिसरात पेद्रो गोन्सालेस पहाटे स्पॅनिश कार्यक्रम सादर करत. पहाटेची वेळ स्वस्त मिळे आणि कामावर निघालेले मजूर तेव्हाच ऐकत. मेक्सिकनांना देशाबाहेर घालवण्याच्या मोहिमेविरुद्ध ते बोलले. १९३४ मध्ये त्यांना बलात्काराच्या आरोपाखाली पकडले गेले आणि तक्रारदार मुलीने नंतर जबानी मागे घेतली, तरी त्यांनी सहा वर्षे कॅलिफोर्नियातील सान क्वेंतिनच्या तुरुंगात काढली. १९४० मध्ये त्यांना मेक्सिकोत पाठवण्यात आले. विकत घेतलेल्या वेळेवर बोलणाऱ्याच्या पाठीशी कोणतीही संस्था उभी नसते. केडीएनएच्या मागे संस्था होती, म्हणून निवेदक बदलले तरी केंद्र राहिले.

नियमपालक:
एक अवघड प्रश्न इथे टाळला जात आहे. कागदपत्रे नसलेल्या मजुरांना पकडण्यासाठी स्थलांतर विभागाचे छापे पडत असल्याचे कळले की केडीएनए श्रोत्यांना सावध करत असे. ज्या सरकारने परवाना दिला, त्याच्याच कारवाईत त्या परवान्याच्या बळावर अडथळा आणणे मला योग्य वाटत नाही.

नभोवाणीप्रेमी:
नियमपालक, रस्त्यावर काय चालले आहे हे वस्तीला सांगणे म्हणजे बातमी देणे. छाप्यात नागरिक आणि रीतसर कागदपत्रे असलेले मजूरही भरडले जातात; आपले हक्क काय, हे त्या क्षणी त्यांना त्यांच्या भाषेत कळणे आवश्यक असते. पुराचा इशारा देणारे केंद्र नदीचे शत्रू ठरत नाही.

जमाखर्च:
मग पैशाचेही बोलू. अमेरिकेतील सार्वजनिक रेडिओला 'कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंग'मार्फत केंद्र सरकारचा निधी मिळत असे. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या संसदेने (काँग्रेसने) दोन वर्षांचा सुमारे १.१ अब्ज डॉलरचा मंजूर निधी परत घेतला आणि ऑगस्टमध्ये त्या संस्थेने काम गुंडाळत असल्याचे जाहीर केले. याचा सर्वांत मोठा फटका ग्रामीण आणि अल्पभाषिक केंद्रांना बसणार हे उघड आहे. जाहिरातदार रुसला तर दुसरा शोधता येतो. सरकार रुसले तर कोणाकडे जायचे?

नभोवाणीप्रेमी:
हा मुद्दा मी मान्य करतो, आणि 'बिगरव्यापारी' एवढ्यावर माझे म्हणणे पुरे होत नाही हेही मान्य करतो. स्थानिक दुकानदारांचे प्रायोजकत्व घ्यावे, श्रोत्यांची वर्गणी घ्यावी, दोन्हींचा हिशोब उघड ठेवावा. परंतु परवाना एका माणसाच्या नावावर नको, कारण कोर्तेस यांच्यासारख्या कळकळीच्या माणसालाही जे विकावे लागले, ते संस्थेच्या हाती असते तर एका घराच्या अडचणीपायी गेले नसते.

जमाखर्च:
संस्थाही कर्जात बुडतात. तरीही परवान्याबद्दलचे हे मत मला पटते. वर्गणीबद्दल मात्र नाही. हंगाम संपला की खोरे सोडून जाणाऱ्या मजुराकडून दरमहा वर्गणी येईल हे गृहीत धरून केंद्राचे अंदाजपत्रक मांडता येणार नाही.