व्हर्जिल भाट होता?

अबोली: काल इथं रोमन कवी व्हर्जिल आणि त्याचं महाकाव्य 'इनीड' यांवर कुणीतरी लिहिलं, 'व्हर्जिल म्हणजे सम्राट ऑगस्टसचा भाट आणि इनीड म्हणजे ग्रीक कवी होमरची नक्कल.' रात्रभर डोळ्याला डोळा नाही. अहो, इनीड संपतं कुठं ते तरी बघा. शत्रू टर्नस शरण आलाय, हात पसरतोय. नायक इनीअस, रोमनांचा मूळपुरुष, थबकतो. तेवढ्यात टर्नसच्या खांद्यावर पल्लासचा, म्हणजे टर्नसनं मारलेल्या आपल्या तरुण मित्राचा, पट्टा त्याला दिसतो आणि तो संतापानं तलवार खुपसतो. टर्नसचा जीव चरफडत सावल्यांत जातो. संपलं. लग्न नाही, राज्याभिषेक नाही. कुठला भाट असं लिहील?

खडूफळा: ते मीच लिहिलं. सहावा सर्ग सोयीनं विसरलात. पाताळात बाप इनीअसला पुढचे रोमन वीर दाखवतो आणि ऑगस्टस सुवर्णयुग आणेल म्हणतो. ऑगस्टसचा जवळचा माणूस मायसीनस, त्याच्या आश्रयाला राहून दुसरं काय लिहिणार?

अबोली: त्याच रांगेत शेवटी मार्सेलस आहे. ऑगस्टसचा भाचा, इ.स.पू. २३ मध्ये विशीच्या आत गेलेला. मिरवणूक सुतकात संपवलीय!

माळरान: व्हर्जिलच्याच 'एक्लॉग्ज' या गुराख्यांच्या कवितांमधलं पहिलंच काव्य वाचा. रोमन यादवीतल्या फिलिपीच्या लढाईनंतर सैनिकांना वाटायला शेतकऱ्यांच्या जमिनी काढून घेतल्या. त्यातला मेलिबिअस नावाचा गुराखी शेळ्या हाकत गाव सोडतो. एक शेळी उघड्या खडकावर जुळं व्याली, करडं तिथंच टाकून तिला ओढत नेतोय. आमची जमीन धरणात गेली तेव्हा आजी अशीच निघाली होती.

खडूफळा: वाईट वाटलं, पण त्याच काव्यात दुसरा गुराखी टिटिरस जमीन राखून देणाऱ्याला देव म्हणतो. आणि कवीला स्वतःलाच इनीड नको होतं. जुने चरित्रकार सांगतात, जाळा म्हणाला. इ.स.पू. १९ मध्ये इटलीतल्या ब्रुंडिसियम बंदरात तो वारला आणि ऑगस्टसनं त्याचे मित्र व्हारिअस आणि टुक्का यांच्याकडून ते लोकांपुढं आणवलं. मरणाऱ्याचा शब्द मोडला. जाळायलाच हवं होतं.

गोधडी: जाळायचं? माझ्या वडिलांनी कवितांच्या तीन वह्या बंबात घालायला सांगितल्या. आईनं घातल्या. आता त्यांचं अक्षर फक्त किराणाच्या यादीत उरलंय.

खडूफळा: आईंनी शब्द पाळला. मी त्यांच्या बाजूनं.

गोधडी: तुम्हाला काय जातंय! आई अजून बंबाकडं बघत नाही.

अबोली: त्याला काव्य नको नव्हतं हो, अपुरं नको होतं. अजून तीन वर्षं हात फिरवायचा होता. पन्नासाहून जास्त ओळी अर्ध्याच आहेत. व्हारिअस-टुक्कानं त्या तशाच ठेवल्या, पदरचा शब्द घातला नाही.

खडूफळा: तेवढं प्रामाणिकपणाचं, मान्य. 'भाट' मागे घेतो. 'दरबारी' घेणार नाही.

माळरान: आणि मेलिबिअस? त्याच्याबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही.