ल्युसिअँला पॅरिसने बुडवलं, की तो स्वतःच बुडाला?

मृणाल_वाचते (धागाकर्ती)

फ्रेंच लेखक बाल्झाकची 'लॉस्ट इल्यूजन्स' दुसऱ्यांदा वाचून काढली. तीन भागांत १८३७ ते १८४३ या काळात आलेली ही कादंबरी. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: आंगुलेम या लहान गावातला ल्युसिअँ शार्दों, औषधविक्याचा मुलगा, दिसायला देखणा, कविता करणारा. गावातल्या एका बड्या घरच्या बाईबरोबर पॅरिसला जातो. तिथे ती त्याला काही दिवसांतच टाकते. मग तो वृत्तपत्रांत शिरतो, नाव कमावतो, पैसा उधळतो आणि दीडेक वर्षात सगळं गमावून पायी गावाकडे परततो.

पहिल्या वाचनात मला त्याची दया आली होती. या वेळी राग आला. पॅरिसमध्ये त्याला दार्तेझ भेटतो. थंडीत शेकोटीशिवाय बसून काम करणारा लेखक, आणि त्याच्याभोवतीची गरीब पण सच्ची मित्रमंडळी. म्हणजे सरळ वाट त्याला दिसली होती, त्या वाटेवर चार दिवस चाललाही होता. पुढे त्याच दार्तेझच्या पुस्तकावर झोड उठवणारा लेख लिहायची वेळ आली तेव्हा रडत त्याच्याकडे गेला आणि लेख दाखवला. दार्तेझने तो स्वतः दुरुस्त करून दिला! आणि ल्युसिअँने तो छापायला दिला. ते पान वाचून मी पुस्तक मिटलं. हे समाजाने केलं असं मला कुणी सांगू नका. तो रडला, म्हणजे त्याला कळत होतं.

देशमुख_परभणी

ताई, पूर्ण असहमत. तुम्ही शेवटचं पाप बघताय, मी त्याच्या आधीची दोरी बघतो.

दोरीचा प्रसंग आठवतो का? ल्युसिअँ आपल्या सुनीतांची वही दोरीने बांधून दोरिआ नावाच्या बड्या प्रकाशकाकडे देतो. देण्याआधी दोरी आणि कागद जिथे भेटतात तिथे शाईची बारीक खूण करून ठेवतो. वही परत येते, खूण जिथल्या तिथे. म्हणजे दोरी सोडलीसुद्धा नाही, तरी प्रकाशक कवितांबद्दल मत देऊन मोकळा. मग चिडलेला ल्युसिअँ त्याच प्रकाशकाच्या एका पुस्तकाची चिरफाड करतो, तर तोच माणूस धावत घरी येऊन तीच वही ३,००० फ्रँकना विकत घेतो. वाचायला नाही, छापायलाही नाही. फक्त पुढचा लेख येऊ नये म्हणून.

विशीतल्या पोराने यातून काय शिकायचं? चांगलं लिहिलं तर कुणी दोरी सोडत नाही, वाईट लिहिलं तर पैसे घरपोच येतात. दार्तेझसारखी तपश्चर्या हजारात एखाद्याला जमते. ती न जमणाऱ्या बाकीच्यांना आपण गुन्हेगार ठरवायचं का? आणि नावाचं काय? आईच्या माहेरचं द र्‍युबांप्रे हे नाव लावायला त्याला राजाचा हुकूम हवा होता. गुण किती का असेनात, नावामागे 'द' नसेल तर दिवाणखान्यात जागा नाही.

सह्याद्री_७२

देशमुख साहेबांना पूर्ण अनुमोदन. याच काळातल्या स्तांदालच्या झ्युलियँ सोरेलकडे बघा. 'द रेड अँड द ब्लॅक', १८३०. लाकूड कापणाऱ्याचा पोरगा, अख्खा नवा करार लॅटिनमध्ये तोंडपाठ. नेपोलियनच्या काळात तो शिपायाचा सेनापती झाला असता. १८१५ मध्ये नेपोलियन पडल्यावर ती वाट बंद, म्हणून पाद्र्याचा काळा झगा घालायचा. शेवटी भर न्यायालयात तो सांगतो की तुम्ही मला माझ्या गुन्ह्यापेक्षा माझ्या पायरीवरून वर येण्याची शिक्षा देताय. त्या पंचांत त्याच्या वर्गातला एकही नव्हता. स्तांदालने ही गोष्ट हवेतून काढली नव्हती, ग्रनोब्लमध्ये १८२७ साली बेर्ते नावाच्या तरुणावर खरंच असा खटला चालला होता.

मृणाल_वाचते

सह्याद्री, झ्युलियँने ते तोंडावर सांगितलं आणि दयेचा अर्ज करायला नकार दिला. ल्युसिअँने कधी काही अंगावर घेतलं? फरक तिथेच आहे. दोरीचा प्रसंग मी विसरले नव्हते. देशमुखदादा, तो प्रसंग त्याला चिडायचा हक्क देतो, मित्राला विकायचा देत नाही.

खिळेजुळारी

बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज लिहितो.

माझे वडील ३१ वर्षं छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचे. बाल्झाक पहिल्याच पानांत सांगतो की यंत्रावरच्या कामगाराला अस्वल म्हणायचे आणि जुळाऱ्याला माकड, कारण १५२ खान्यांतून अक्षरं उचलताना त्याचे हात सतत नाचत असतात. ते वाचलं आणि बाबांचा उजवा हात दिसला. बोटांच्या टोकांना शिशाचा काळपटपणा, जेवणाआधी कितीही घासला तरी न जाणारा. खिळ्यांच्या पेटीकडे न बघता 'क्ष' कुठे आहे ते त्या हाताला ठाऊक होतं.

म्हणून मी ही कादंबरी ल्युसिअँची म्हणून वाचूच शकलो नाही. माझ्यासाठी ती दाविदची आणि एव्हची. दाविद सेशार, ल्युसिअँचा मित्र आणि मेहुणा, लहानसा छापखाना चालवणारा, स्वस्त कागद शोधून काढायच्या ध्यासाने रात्री जागणारा. एव्ह ही ल्युसिअँची बहीण. ल्युसिअँ निघाला तेव्हा घरच्यांनी उसनवारी करून २,००० फ्रँक जमवले. ते पॅरिसमध्ये कपड्यांत गेले. पुढे त्याने दाविदची खोटी सही करून हजार हजाराच्या तीन हुंड्या काढल्या. एकूण ३,०००. देशमुख साहेब, आकडा बघा. वही न वाचता मिळाले तेवढेच.

त्या हुंड्यांवर वकील, दलाली, दंड चढत गेला. बाल्झाक तो हिशेब रकमेनिशी मांडतो, लोक ती पानं कंटाळून उलटतात. मी सावकाश वाचली. कारण छापखाना कर्जात गेला की घरात काय होतं ते बाल्झाकला माहीत होतं. त्याने स्वतः १८२६ साली छापखाना घेतला, १८२८ मध्ये तो बुडाला, आणि त्या कर्जात त्याच्या आईचे पैसे गेले. दाविद लपून बसतो, पकडला जातो, आणि शेवटी त्याचा शोध गावातल्याच प्रतिस्पर्धी छापखान्याच्या मालकांच्या, क्वँते बंधूंच्या पदरात पडतो. ते गबर होतात.

तुम्ही दोघं भांडताय की दोष मुलाचा की पॅरिसचा. मला विचाराल तर दोघांनीही बिल एकाच घरी पाठवलं.

देशमुख_परभणी

दादा, हा प्रतिसाद दोनदा वाचला. पण यातून माझंच म्हणणं खरं ठरतं ना? क्वँते बंधूंनी कायद्याला धरून लुबाडलं. खोटी सही करणारा पोरगा आपल्याला दिसतो, खरी सही करून घेणारा सावकार दिसत नाही.

खिळेजुळारी

दिसतो की. पण क्वँते परके होते. परक्याशी माणूस सावध राहतो. ल्युसिअँला दार एव्हने उघडलं होतं.

मृणाल_वाचते

खिळेजुळारीदादा, मी माझा राग चुकीच्या पानावर काढला, असं आता वाटतं. दार्तेझ सावरला, तो सावरणाराच होता. त्याने एव्हला लिहिलेल्या पत्रातलं वाक्य मला फार आवडायचं, की तुमचा ल्युसिअँ कवितेचा माणूस आहे, कवी नाही. आज त्या वाक्यापेक्षा ते पत्र उघडून वाचणारी एव्हच डोळ्यांपुढे येते. आणि बेरेनीस. कोरालीची मोलकरीण. कोराली, त्याच्यावर जीव लावणारी नटी, वारली तेव्हा पुरायला पैसे नव्हते, म्हणून ल्युसिअँने तिच्या प्रेताशेजारी मेणबत्तीच्या उजेडात मद्यपींसाठी गाणी लिहिली. नंतर गावी जायला बेरेनीसने त्याला २० फ्रँक दिले. ते तिने रस्त्यावर उभं राहून मिळवले होते, आणि त्याला ते कळलं. कळूनही घेतले.

माझं मत बदललेलं नाही. तो दोषीच आहे. फक्त आरोपपत्र मी वेगळं लिहीन.

सह्याद्री_७२

मग पुढची गोष्टही त्यात लिहा. नदीकडे जीव द्यायला निघालेल्या ल्युसिअँला वाटेत एरेरा नावाचा पाद्री भेटतो, त्याला विकत घेतो, आणि त्या पैशातून तो दाविदला १५,००० फ्रँक पाठवतो. म्हणजे घर विसरला नव्हता.

खिळेजुळारी

नव्हता विसरला. पण ते पैसे पोचले तेव्हा क्वँतेंबरोबरच्या करारावर दाविदची सही नुकतीच होऊन गेली होती.