ग्राहक विमा बाहेरून घेतो म्हणाला, तर विक्रेत्याने काय करावे?

प्रश्न : मी पुण्यातील एका शोरूममध्ये मोटारविक्री करतो. पाडव्याच्या तोंडावर अनेक ग्राहक ऑन-रोड किमतीतून (म्हणजे रस्ता कर, नोंदणी, विमा धरून होणाऱ्या एकूण किमतीतून) विमा वगळायला सांगतात, व्यवस्थापक मात्र शोरूमच्याच विम्यावर अडून बसतात. ग्राहकाला काय सांगावे?

उत्तर १ : खरे तेच सांगावे. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा (अपघातात इतरांच्या नुकसानीची भरपाई देणारा) सक्तीचा आहे, पण तो कोणत्या कंपनीकडून घ्यायचा हे ग्राहकानेच ठरवायचे असते. मी एक्स-शोरूम किंमत, रस्ता कर, नोंदणी आणि विमा वेगवेगळ्या ओळींत लिहून देतो, घासाघीस तरीही होतेच (ती कुठे टळते?), पण संशय उरत नाही.

उत्तर २ : सहमत. मात्र नोंदणीपूर्वी पॉलिसी हाती आली नाही, तर मुहूर्त हुकेल, याची कल्पना आधीच द्या.