मुरूड ते रत्नागिरी सायकलने: सगळा मार्ग किनाऱ्याचाच आखावा का?

कातळवाट:
माझं मत स्पष्ट आहे. मुरूड-जंजिऱ्याहून रत्नागिरी गाठायला राष्ट्रीय महामार्ग ६६ ची गरजच नाही. चार खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या: आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड. मधले रस्ते किनाऱ्याचे, शांत.

नकाशा-अ‍ॅपला अख्खा मार्ग एकदम विचारू नका, ते महामार्गाकडे ओढतं. धक्का ते धक्का असे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्यात गावं स्वतः टाका: दिवेआगर, शेखाडी, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. मग तो रस्ता उपग्रहचित्रावर शेवटपर्यंत बघा. खरा धोका पाखाडीचा. सायकलचा पर्याय निवडला की अ‍ॅप जवळची वाट म्हणून जांभ्याच्या पायऱ्यांवरून पाठवू शकतं. ओळखायची खूण सोपी आहे. रेघ समोच्च रेषांना (नकाशावरच्या समान उंचीच्या रेषांना) काटकोनात कापत सरळ वर जात असेल तर ती पाखाडी समजा. गाडीरस्ता वळणं घेत चढतो.

तीव्र उतार:
पूर्ण असहमत. शांत रस्ता म्हणजे सोपा रस्ता नव्हे, आणि नवख्यांना हे आधी सांगायला हवं. किनाऱ्याने जाताना प्रत्येक खाडीला, प्रत्येक पुळणीला (वाळूच्या किनाऱ्याला) समुद्रसपाटीवर उतरायचं आणि लगेच पुन्हा सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, चढायचं. हे चढ लांब नसतात, पण उभे असतात. आरे-वारेचा चढ बघा.

हिशेब करा. सायकल, सामान आणि माणूस मिळून ९५ किलो, चढ १० टक्के. पुढे ३४ दाती, मागे २८ दाती चक्र असेल, तर मिनिटाला ६० पायडल मारताना वेग साधारण ९.४ किमी होतो आणि निव्वळ चढासाठी २४० वॅटच्या वर ताकद लागते. दिवसभर हे कुणाला झेपणार? गुडघे जातात ते इथेच. म्हणून वेसवीहून मंडणगड–दापोली करत वरच्या अंगाने दाभोळला उतरावं. चढउतार तिथेही आहेत, पण दर वेळी समुद्रापर्यंत उतरावं लागत नाही. शिवाय तालुक्याच्या गावात ट्यूब आणि ब्रेकची केबल मिळायची शक्यता जास्त.

साकव:
दोघांनीही अ‍ॅपमधला एकूण चढ खरा धरू नये. बरीच साधनं २००० साली अंतराळयानातल्या रडारने मोजलेल्या उंचीवर चालतात. त्यात साधारण ३० मीटरला एक बिंदू. कड्यालगत कोरलेल्या रस्त्यावर एक बिंदू कड्याच्या माथ्यावर पडतो, पुढचा पायथ्याशी. पूल असेल तर अ‍ॅपच्या लेखी सायकल नदीच्या पात्रात उतरते आणि पुन्हा चढते. त्यामुळे किनाऱ्याच्या रस्त्याचा चढ फुगून येतो. अ‍ॅपमधला उंचीचा आलेख उघडा, २०० मीटरच्या आत दिसणारे टोकदार सुळके वगळा आणि उरलेले चढ हाताने मोजा.

कातळवाट:
@तीव्र उतार, गियरचा मुद्दा मान्य, मार्ग बदलण्याचा नाही. मागचा कॅसेट, म्हणजे दाती चक्रांचा संच, ११ ते ३४ दातींचा करा. गुणोत्तर एकास एक झालं की त्याच ६० पायडलला वेग ७.७ किमी आणि ताकद २०० वॅटच्या आसपास येते. आधी मात्र मागच्या डिरेल्युअरला (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाला) ३४ दाती चक्र चालतं का, हे तपासा. लहान पिंजऱ्याच्या डिरेल्युअरला बहुधा चालत नाही, आणि साखळीही काही कड्या लांब लागते.

दापोलीच्या रस्त्यावर एसटी आणि डंपर आहेत, वळणं आंधळी आहेत. केळशी–आंजर्ले–हर्णै–कर्दे ही किनाऱ्याची वाट मी त्यासाठी सोडणार नाही.

वेळ किलोमीटरवर धरू नका. सपाटीला ताशी १६ किमी, आणि चढाच्या दर १०० मीटरला १० मिनिटं जास्त. ८० किमी आणि १,२०० मीटर चढ म्हणजे पाच अधिक दोन तास, थांबे वेगळे.

तीव्र उतार:
वेळेचं सूत्र चांगलं आहे, पण त्यात फेरीबोट कुठे आहे? दाभोळची शेवटची फेरी चुकली तर गुहागरला रस्त्याने जाताना खेड-चिपळूणचा वळसा पडतो, शंभर किलोमीटरच्या वर. दिवसाचा मुक्काम धक्क्याच्या अलीकडे ठेवा आणि खाडी सकाळी ओलांडा. वेळापत्रक आदल्या दिवशी धक्क्यावरच विचारा. ओहोटीला धक्क्याचा उतार उघडा पडतो आणि त्याच्यावर शेवाळ असतं. सायकल हातात धरून चाला, क्लीटचे (पायडलला अडकणारे) बूट काढा.

साकव:
आणि बोटीवर खारं पाणी उडतं. पलीकडे उतरल्यावर साखळी कोरड्या फडक्याने पुसून तेलाचे थेंब सोडा. खारात लाल माती मिसळली की ती साखळी घासत राहते. दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडेच ठेवा. हिवाळ्यात दुपारचा खारा वारा बहुधा वायव्येकडून येतो, तो तेवढीच पाठ ढकलतो.