‘कायनेज’ला मराठीत काय म्हणावं?

खानापूर: मुलगी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे. प्रकल्पाचा विषय ‘मलेरियाच्या परजीवीतील प्रोटीन कायनेज : औषधांचे संभाव्य लक्ष्य’. दहावीपर्यंत मराठी शाळा, आता सगळं इंग्रजीत. तिला गावातल्या बायकांपुढे मराठीत बोलायचंय. कायनेजला शब्द आहे का? आणि ‘लक्ष’ की ‘लक्ष्य’?

बेळगाव: ताई, ‘लक्ष्य’च. ‘लक्ष’ म्हणजे ध्यान, नाहीतर लाख. कायनेज तसंच राहू द्या, नवा शब्द पाडला तर तोही समजावत बसावं लागेल. एन्झाइमला, म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रियांना वेग देणाऱ्या प्रथिनाला, मात्र ‘विकर’ म्हणा. कानडी पुस्तकांत त्याला ‘किण्व’ म्हणतात, पण आपल्याकडे किण्वन म्हटलं की आंबवणं आठवतं. मग अर्थ असा सांगता येईल: एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूवरचा फॉस्फेटचा गट काढून दुसऱ्या प्रथिनावर चढवणारं विकर. ‘चढवणं’ हे क्रियापद सोडू नका. गट चढला की प्रथिनाचं काम बदलतं, फॉस्फेटेज तो उतरवतं.

निपाणी: बायकांपुढे बोलायचं तर ‘तिजारा’पासून सुरुवात करा. एकाआड एक दिवस हुडहुडी भरून येणारा ताप. फाल्सिपेरम आणि व्हायवॅक्स दोन्ही परजीवी तांबड्या पेशीत साधारण ४८ तास वाढतात, मग पेशी फोडून बाहेर पडतात, तेव्हा ताप चढतो. बाहेर पडायचा इशारा पीकेजी नावाचं कायनेज देतं. ते रोखलं तर परजीवी पेशीतच अडकतो. लक्ष्य म्हणजे काय, ते इथे दिसतं. अशा औषधाला ‘रोधक’ म्हणा. ‘मारक’ वेगळं.

खानापूर: पण कायनेज आपल्यातही असतात ना?

बेळगाव: पाचशेच्या वर! एटीपी बसण्याची खाच सगळ्यांत बरीच सारखी असते, म्हणून आपली सोडून परजीवीचीच रोखणं अवघड. सीडीपीके हा कायनेजांचा गट त्यासाठीच मोलाचा वाटतो: तो वनस्पतींत आणि या परजीवींत सापडतो, माणसात नाही. कायनेज रोखणारी औषधं कर्करोगावर आहेत, इमॅटिनिबला अमेरिकेत २००१ साली मान्यता मिळाली. मलेरियावर परजीवीचं प्रोटीन कायनेज रोखणारं औषध अजून दुकानात आलेलं नाही, म्हणून ‘संभाव्य’ गाळू नका.

खानापूर: अनेकवचन?

निपाणी: बोलताना ‘कायनेजं’, वहीत ‘कायनेजे’.