धावले ते, दमलो आम्ही (अनुभव धागा)

माझ्या नावावर कॉलेजचं एकही पदक नाही. पदक लांबच, छातीवर नंबर लावायचीही वेळ कधी आली नाही. तरी चार वर्षांत एकही मीट (मैदानी स्पर्धा) चुकवली नाही, कारण माझा हॉस्टेलचा रूम पार्टनर १०,००० मीटर धावायचा आणि मी स्टँडमध्ये स्टॉपवॉच घेऊन उभा असायचो.

१०,००० मीटर म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकवर २५ फेऱ्या. आठव्या-नवव्या फेरीला प्रेक्षक मोबाइल काढतात. पंधराव्याला स्टँडमध्ये उरतात ते फक्त नात्यातले आणि माझ्यासारखे अडकलेले. माझं काम एवढंच, की तो समोरून गेला की फेरीची वेळ ओरडून सांगायची. "नव्वद!" "एक्क्याण्णव!" तो मान हलवायचा नाही, पण पुढची फेरी एखाद्या सेकंदाने सुधारायची. मग मला वाटायचं, निम्मी शर्यत आपणच पळतोय.

तिसऱ्या वर्षी फायनलला शेवटच्या फेरीची घंटा वाजली. ती वाजली पहिल्या नंबरच्या मुलासाठी. त्याने आमच्या गड्याला नुकतंच एका पूर्ण फेरीने मागे टाकलं होतं आणि दोघं जवळपास एकत्रच रेषेवर आले. माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. मी कठड्यावर चढून बोंबललो, "शेवटची! शेवटची! सोड आता!" आणि त्याने सोडलं. आयुष्यात तसा पळाला नव्हता. तीन जणांना कापत रेषेवर आला, थांबायला लागला आणि पंचांनी हाताने पुढे जा म्हणून खुणावलं. घंटा पुन्हा वाजली. या वेळी त्याच्यासाठी.

ती फेरी मी पाहिली नाही. मान खाली घालून घड्याळाचं बटण बघत बसलो. नववा आला. त्या रात्री आमच्या खोलीत दिवा लवकर बंद झाला.

तर धागा यासाठी. कॉलेजच्या मैदानी स्पर्धा तुम्ही कठड्याच्या अलीकडून पाहिल्या असतील, किंवा पलीकडे धावताना अलीकडचे आवाज ऐकले असतील, तर लिहा. तुमच्या ओरडण्याने कोणाचं भलं झालं की वाटोळं, दोन्ही चालेल.

*

बाकावरची पाचवी

मी ४ × १०० रिलेची राखीव. चौघींसारखाच पोशाख, तेवढाच सराव, आणि स्पर्धेच्या दिवशी जागा स्टँडच्या पहिल्या रांगेत. बॅगेत स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) असायचे, नाडी आधीच सैल करून ठेवलेली. खरं लिहायचं तर आदल्या रात्री मनात एक पाप यायचंच: कुणाची तरी मांडी धरावी. फार नाही, थोडीशीच. आणि सकाळी वॉर्मअपला एखादी खरंच पाय चोळत बसली की माझ्याच पोटात गोळा यायचा.

रिले पाहायची तर धावणाऱ्या मुलींकडे बघू नका, बॅटनकडे बघा. ती ३० मीटरच्या पट्ट्यातच एका हातातून दुसऱ्या हातात जायला हवी. पट्ट्यात बॅटन हवी, मुलीचा पाय कुठे आहे याला किंमत नाही. पुढची मागे वळून पाहत नाही. ट्रॅकवर एक चिकटपट्टी लावलेली असते, मागची त्या पट्टीवर आली की पुढचीने सुटायचं आणि "हा!" ऐकलं की हात मागे. आमच्या तिसरीची पट्टी मीच मोजून लावायचे. टाचेला अंगठा लावत चोवीस पावलं. माझ्याच बुटांनी, कारण तिचा आणि माझा नंबर एक होता.

शेवटच्या वर्षीच्या फायनलला दुसरी अफाट आली. आणि तिसरी पट्टीच्या आधीच सुटली. पाऊल, दीड पाऊल, एवढंच. मला ते दिसलं, कारण माझी नजर पट्टीवर होती, ती माझी पट्टी होती. तोंडातून "थांब" निघालं. सगळं मैदान ओरडत असताना ते कोणाला ऐकू जाणार? मागचीचा हात पोचेना, बॅटन गेली ती पट्टा ओलांडून, हातभर पुढे. आणि कोपऱ्यातल्या पंचाचा पिवळा झेंडा वर झाला, नियम मोडल्याची खूण.

आमची शेवटची दुसरी आली. चौघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, उड्या मारत होत्या, मला हात करून खाली बोलावत होत्या. त्यांना झेंडा दिसला नव्हता. मी पायऱ्या उतरले तशी एकेक पायरी मोजत उतरले, कारण मी पोचेपर्यंत तरी त्या दुसऱ्या होत्या. त्या मिठीत मीही गेले. निकाल जाहीर झाला तेव्हा माझ्या चेहऱ्याकडे बघून तिसरी म्हणाली, "तुला माहीत होतं?"

तिला मी आजवर नाही म्हणूनच सांगत आलेय.

*

वाळूवाला

मी खेळाडू नाही आणि प्रेक्षकही नाही, मधला. लांब उडीच्या खड्ड्यात वाळू ओढायला मी स्वयंसेवक असायचो. सगळ्यात जवळून पाहायला मिळतं आणि ओरडायला सक्त मनाई. आपल्या कॉलेजची मुलगी धावत येतेय आणि आपण दाताळं धरून पुतळ्यासारखे.

उडी घ्यायच्या फळीच्या पुढच्या कडेला तेव्हा प्लॅस्टिसिनची (मऊ मातीसारख्या लगद्याची) पट्टी असायची. पाय जरा पुढे गेला की त्यावर बुटाच्या टोकाचा ठसा उमटायचा. आमच्या मुलीची सगळ्यात मोठी उडी तशीच गेली. पंच वाकून बघत होते, मीही चोरून बघितलं. नखाएवढा ठसा. लाल झेंडा. ती माझ्याकडे बघत होती, मी वाळू सपाट केली. त्या उडीचा खड्डा पुसणारा मीच, हे मात्र मला अजून बोचतं.

थोडं अवांतर. २५ मे १९३५ रोजी अमेरिकेतल्या ॲन आर्बरला, ओहायो स्टेट विद्यापीठाच्या जेसी ओवेन्सने विद्यापीठांच्या स्पर्धेत पाऊण तासात तीन विश्वविक्रम मोडले आणि एकाची बरोबरी केली. त्यातली लांब उडी ८.१३ मीटर. त्या दिवशी त्याने एकच उडी मारली, आणि तो विक्रम १९६० पर्यंत टिकला. लोक हे वाचून ओवेन्सचा विचार करतात. मी विचार करतो की त्या खड्ड्यातली ती खूण कुणीतरी दाताळ्याने पुसलीच असणार. त्याच्या मनात काय आलं असेल?

*

गोळाफेकीचा एकमेव प्रेक्षक

गोळाफेक कोणी पाहत नाही. त्याच वेळी तिकडे १०० मीटरची हीट (प्राथमिक फेरी) सुटते आणि सगळ्या माना तिकडे. ७.२६ किलोचा गोळा मानेला लावून माझा मित्र वर्तुळात वळायचा तेव्हा त्याच्याकडे पाहणारे पंच, टेपवाला आणि मी. गोळा जमिनीत रुततो त्याचा एक "धप्प" असतो, तो ऐकला की मोजायच्या आधी कळतं आज काय होणार. बास, एवढंच सांगायचं होतं.

*

आतल्या लेनचा अपराधी

धागाकर्त्याला दिलासा: मी तुमच्याहून मोठा दिवा लावलाय. धाकटी बहीण १५०० मीटर धावत होती, शेवटच्या फेरीत तिसरी. मी कठड्यावरून उडी मारली आणि ट्रॅकच्या आतल्या कडेने तिच्या बरोबरीने धावायला लागलो. "चल, मी आहे, माझ्याबरोबर चल." वीसेक मीटर धावलो असेन. एका पंचबाईंनी मला दंडाला धरून बाजूला ओढलं.

शर्यतीत नसलेल्या माणसाने बरोबर धावणं ही मदत धरतात, हे मला त्या दिवशी कळलं. पहिल्यांदा समज देतात, पुन्हा घडलं तर खेळाडू बाद. म्हणजे गुन्हा माझा आणि फाशी तिला. समजेवर भागलं. ती चौथी आली. घरी आल्यावर म्हणाली, "दादा, तू दिसलास आणि मी तुझ्याकडे बघायला लागले. पुढचीकडे बघायचं राहिलं."

आता मी स्टँडच्या सर्वांत वरच्या रांगेत बसतो. तिनेच जागा ठरवून दिलीय.

*

४०० मीटरवाली

मी पलीकडची. सगळे ओरडण्याबद्दल लिहिताहेत म्हणून ऐकू काय येतं ते सांगते. पहिल्या २०० मीटरला सगळं येतं, अगदी कोणाची शिट्टी कुठून आली तेही. ३०० च्या पुढे फक्त स्वतःचा श्वास आणि मागचीच्या स्पाइक्सचा कर्र कर्र आवाज. "कम ऑन" हा आवाज असतो, शब्द नसतो. त्याचा काडीचा उपयोग नाही. "खांदे सोड" याचा होतो, कारण त्यात करण्यासारखं काहीतरी आहे. नाव घेऊन ओरडलात तर फारच उत्तम.

आणि एक तक्रार. शेवटून पहिल्या येणाऱ्यासाठी उभं राहून टाळ्या वाजवू नका. पहिल्या वर्षी हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) गेलेली असताना मी चालत रेषेपर्यंत आले आणि आख्खं स्टँड उभं राहिलं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पहिल्या आलेल्या मुलीला त्याच्या निम्म्याही टाळ्या नव्हत्या. कीव आणि कौतुक यातला फरक धावणाऱ्याला बरोबर कळतो.

*

बाकावरची पाचवी

@४०० मीटरवाली, पटलं नाही. तुमच्या टाळ्या मला द्या, मी चालत काय, रांगत येईन.

*

४०० मीटरवाली

:) हे मात्र खरंय. टाळ्यांचा राग यायलाही आधी लेन मिळावी लागते.

*

उंच उडीची ताई

आमची आई भावाच्या स्पर्धेला यायची आणि तो धावायला लागला की डोळे मिटायची. मग मला विचारायची, "गेला?" उंच उडीत ओळीने तीन वेळा दांडी पाडली की खेळ संपतो, त्यामुळे हे "गेला?" दोन्ही अर्थांनी असायचं.

सुरुवातीला तर ती हबकलीच होती. "हा उलटा काय उडतो? मान मोडेल की!" भावाने तिला सांगितलं, १९६८ मध्ये ऑरेगन स्टेट विद्यापीठाच्या डिक फॉसबरीने असंच पाठ करून मेक्सिको सिटीत २.२४ मीटर मारून ऑलिंपिकचं सुवर्ण घेतलं, तेव्हापासून सगळे असंच उडतात. आई म्हणाली, "त्याची आई बघत होती का?"

एकदाच तिने डोळे उघडे ठेवले. तिसरा प्रयत्न, पोटरी दांडीला लागली, आणि दांडी थरथरायला लागली. भाऊ गादीवर पडल्या पडल्या वर बघतोय, पंच झेंडे हातात धरून थांबलेत, कोणी हलत नाहीये. आईने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. दांडी थांबली. पांढरा झेंडा. आई म्हणाली, "आता पुढची बघत नाही," आणि उठून पाणी प्यायला गेली.

*

धागाकर्ता

वा, एकेक मासले आहेत. ओरडण्यावरून आठवलं. ६ मे १९५४ ला ऑक्सफर्डच्या इफ्ली रोड ट्रॅकवर रॉजर बॅनिस्टर मैल धावला ती शर्यतसुद्धा विद्यापीठाच्या संघाविरुद्धच्या सामन्यातलीच. ३ मिनिटं ५९.४ सेकंद. निवेदकाने वेळ सांगताना "तीन" एवढंच म्हटलं आणि पुढचं लोकांनी ऐकूच दिलं नाही. चार मिनिटांच्या आत आहे म्हटल्यावर मिनिटानंतरचे सेकंद कोणाला हवे होते? मला ती गर्दी फार जवळची वाटते. त्यांना निदान फेऱ्या बरोबर मोजता आल्या होत्या.

*

पंचवीस फेऱ्या

कोणीतरी लिंक पाठवली म्हणून आलो. तो रूम पार्टनर मी.

दोन दुरुस्त्या. नववा नाही, अकरावा. शेवटच्या फेरीत दोघं पुढे गेले, तू बघत नव्हतास ना.

दुसरी अशी, की ज्यांच्यावर फेरी चढलीय त्यांना रेषेवरचे पंच वेगळं सांगतात, किती उरल्या ते. मला त्यांनी दोन बोटं दाखवली होती. मी ती नीट पाहिली. पण तू "शेवटची" म्हणालास, आणि तेव्हा माझे पाय असे झाले होते की मला तुझंच खरं मानायचं होतं. त्यामुळे इतकी वर्षं तू जे डोक्यावर घेऊन फिरतोयस ते उतरव.

आणि स्टॉपवॉच अजून चालतं का? माझं आहे ते.