दुभती शेळी घ्यायचीय, पण विकणाऱ्यांची भाषाच कळत नाही. सल्ला हवा

नवशेळी:
घरच्या दुधासाठी दोन शेळ्या घ्यायचं ठरवलंय. जनावरांचा अनुभव शून्य. आठवडाभर विकणाऱ्यांशी फोनवर बोलतेय आणि दर फोननंतर गोंधळ वाढतोय. काल एकाने एका दमात सांगितलं, "दुसऱ्या वेताची आहे, खाली दोन पाठी, दीड महिन्याची गाभण, भुंडी, दोन लिटरची." मी "बरं बरं" म्हणून फोन ठेवून दिला. काय विचारायला हवं होतं? नुसते अर्थ नकोत. कुठला शब्द ऐकला की कान टवकारायचे, ते सांगा.

धारकरी:
ताई, त्याने एका वाक्यात अख्खी शेळी उभी केली की!

वेत म्हणजे विण्याची खेप. दुसऱ्या वेताची म्हणजे दोनदा व्यायलेली. पण एकदाच व्यायलेली आणि आता दुसऱ्यांदा गाभण असलेलीलाही काही जण तेच म्हणतात. त्यामुळे "आजवर किती वेळा व्याली?" असं सरळ विचारा आणि मग तोंड उघडून बघा. शेळीला पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात. मधले दोन दुधाचे दात पडून रुंद दात आले की ती दोन दाती, म्हणजे साधारण एक ते दीड वर्षाची. पुढे वर्षाला एकेक जोडी बदलत चौथ्या वर्षाच्या आसपास आठही दात पक्के होतात. दात झिजून फटी पडल्यात आणि मालक दुसरं वेत सांगतोय, तर मधली वेतं तो मोजायला विसरलाय असं समजा.

पाठ (काही ठिकाणी पाट) म्हणजे अजून न व्यायलेली तरुण मादी. "खाली दोन पाठी" म्हणजे तिला दोन मादी करडं आहेत आणि ती अजून अंगावर पितात. मग ते दोन लिटर कुणी मोजले, करडांनी? आदल्या संध्याकाळी कास पूर्ण रिकामी करायला लावा, करडं रात्रभर वेगळी बांधा आणि सकाळची धार समोर काढून घ्या. संध्याकाळची धार न काढता तुंबवलेली कास सकाळी दोन वेळचं दूध एकदम दाखवते. आणखी एक, शेळीचं दूध व्यायल्यावर सहा-आठ आठवडे चढतं आणि मग उतरत जातं. विकणारा सांगतो तो आकडा बहुतेक त्या चढत्या दिवसांतला असतो. ती कधी व्याली, ते विचारा.

माळावरची:
"दीड महिन्याची गाभण" हे मी तरी नुसत्या तोंडी शब्दावर मानत नाही. बोकड लावल्याची तारीख लिहिलेली असेल तर गोष्ट वेगळी. गाभणकाळ 150 दिवसांचा, पाचेक दिवस मागेपुढे. पण बोकड कळपात मोकळा फिरत असेल तर मालकही अंदाजानेच बोलतो. लबाडी असतेच असं नाही.

माझंच सांगते. गाभण म्हणून आणलेल्या एका शेळीचं पोट इतकं गोल झालं होतं की आम्ही जुळी धरूनच चाललो होतो. कास मात्र भरेना. एका सकाळी बघते तर मागचे पाय ओले, खालचा पेंढा चिंब आणि पोट खपाटीला. करडू नाही, वार (करडामागून पडणारी जार) नाही. बाई निवांत रवंथ करत उभ्या, आणि मी कोपऱ्याकोपऱ्यात करडू शोधतेय!

गोठ्यातला डॉक्टर:
ही खोटी गाभण. अंडाशयावरचा पीतपिंड (बीज सुटल्यावर तिथे होणारी गाठ) विरत नाही, प्रोजेस्टेरॉन हे गाभणपण टिकवणारं संप्रेरक चढं राहतं, त्यामुळे माज (बोकड घेण्याची ओढ) बंद होतो आणि गर्भाशयात पाणी साठत जातं. शेळ्यांत हे दिसतं, म्हणून "माज आला नाही, म्हणजे गाभण" यावर विसंबू नका. सोनोग्राफीत खरं-खोटं कळतं. यावर इंजेक्शन आहे, पण तेच खऱ्या गाभण शेळीला दिलं तर ती गाभडते, म्हणजे गर्भ पडतो. तेव्हा घरी प्रयोग नकोत.

"फळवली" आणि "गाभण" हे दोन वेगळे शब्द आहेत. फळवली म्हणजे बोकड दाखवला, एवढंच. साधारण 21 दिवसांनी पुन्हा माजावर आली तर ती उलटली, आधीची खेप वाया गेली. माज दीडेक दिवस टिकतो. शेपटी सारखी हलते, उगाच ओरडते, मागून पारदर्शक बळस (चिकट स्राव) गळतो, दूध थोडं कमी होतं. सानेन, अल्पाइन, टोगेनबर्ग या थंड मुलखातल्या जाती दिवस लहान व्हायला लागले की माजावर येतात, बाकीच्या दिवसांत बोकड नुसता बघत बसतो.

काळीपांढरी:
"भुंडी" कुणी विचारातच घेतली नाही! जन्मतःच शिंगं नसलेलीही भुंडी आणि लहानपणी शिंगांचे कोंब डागलेलीही भुंडी. बोलताना फरक नाही, पैदाशीत मात्र मोठा आहे. जन्मतः भुंड्या शेळीला जन्मतः भुंडाच बोकड लावला आणि करडाला दोघांकडूनही भुंडेपणाचं जनुक आलं, तर ते करडू मादी असायला हवं तिथे उभयलिंगी निघतं. ते पुढे वीत नाही, दूध नाही. म्हणून जोडीतला एक तरी शिंगवाला असावा. डागलेला चालतो, त्याच्या रक्तात शिंगं असतातच.

बोकड "खच्ची", म्हणजे नसबंदी केलेला, असेल तर पैदाशीला उपयोग नाही, एवढं लक्षात ठेवा. हसू नका, एकाने विचारलं होतं.

नवशेळी:
मी हसले नाही, कारण तो प्रश्न मीही विचारला असता. "भाकड" म्हणजे वाया गेलेली का? आणि "आटवलेली"?

धारकरी:
भाकड म्हणजे सध्या दूध नाही. वांझ नव्हे. आटवलेली म्हणजे मुद्दाम धार बंद केलेली. विण्याआधी दोनेक महिने आटवायची, म्हणजे कासेला विश्रांती मिळते आणि अंगातलं बळ पोटातल्या करडांना जातं. धारा हळूहळू कमी करायच्या की एकदम थांबवायच्या, यावर इथे भांडणं झालीयेत. मी खुराक कमी करून एकदमच थांबवतो.

माळावरची:
एकदम नको हो! जास्त दुधाची असेल तर कास दगडासारखी होते. मी एक वेळ, मग एकाआड एक दिवस, अशी आणते.

आणि व्याल्यावरचा चीक शेजाऱ्यांना वाटण्याआधी करडांना. पहिल्या तासाभरात पाजायला लागायचं, पहिल्या दिवसात वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा पोटात जायला हवा. आईच्या पोटात असताना त्यांना रोगाशी लढायची ताकद मिळत नाही, ती चिकातूनच येते.

नवशेळी:
आज पुन्हा फोन केला. दोनदा व्यायलीय. शिंगं डागलेली. करडं तीन महिन्यांची. बोकड लावल्याची तारीख विचारली तर बराच वेळ शांतता, मग "गाभण असणारच हो". घेऊ का?

गोठ्यातला डॉक्टर:
दुभती म्हणून बघा, गाभण धरू नका. कासेचे दोन्ही सड पिळून बघा. पहिल्या धारा काळ्या कापडावर घ्या, गुठळ्या किंवा पाण्यासारखं दूध दिसलं तर परत या. पसंत पडली तर व्यवहाराआधी सोनोग्राफी.

नवशेळी:
उद्या सकाळी धारेच्या वेळी जातेय. मापाचं भांडं आणि काळा रुमाल घेऊन.

काळीपांढरी:
बोकड तिथेच असेल तर त्याच्या शिंगांच्या मागे एक फडकं चांगलं घासून घ्या आणि घट्ट झाकणाच्या बरणीत घरी आणा. घरी बोकड नसताना माज ओळखायचा तर हेच फडकं शेळीच्या नाकापुढे धरायचं. शेपटी हलवत त्याच्या मागे लागली तर समजा माजावर आहे. बरणी मात्र गाडीत उघडू नका.